दोन बोटं जागा

भाचा आला की मी त्याच्या पाया पडतो. आमच्या घरची रीतच आहे ती. मामानं भाच्याच्या पाया पडायचं, मग भाचा चार वर्षांचा असो की चौतीसचा. त्यामुळे त्याच्या पायांची नि माझी ओळख तशी जुनी. पण यंदाच्या जानेवारीत त्या पायांपाशी मी चांगला दोन तास उकिडवा बसून होतो, आणि तेही हातात पेचकस घेऊन.

भाचा पुण्यात नोकरीला. दरवर्षी थंडीत आठ दिवस गुलमर्गला जातो आणि बर्फावरून फळीवर उभा राहून घसरत खाली येतो. यंदा नागपूरहून विमान होतं, म्हणून वाटेत आजोळी उतरला. दारव्ह्याहून आमच्या गावच्या एसटीत तो ती लांबलचक पिशवी घेऊन चढला, तेव्हा कुणीतरी विचारलं म्हणे, "काय भाऊ, दरवाजा बसवाचा हाय का घराले?"

पिशवीतून निघाली ती उभी केल्यावर हनुवटीपर्यंत येणारी फळी, म्हणजे स्नोबोर्ड. दोन्ही टोकं वर वळलेली, कडांना पोलादी पट्टी, खाली मेण घासलेलं. वर दोन पायांसाठी दोन खोगिरं. त्याला बाइंडिंग म्हणतात. फळी जुनी, बाइंडिंग जुनं, फक्त बूट नवे. आधीच्या बुटात अंगठ्याचं नख काळं पडायचं, म्हणून त्यानं एक सेंटिमीटर मोठे घेतले. या बुटांचं माप सेंटिमीटरमध्येच असतं, पायाची लांबी मोजायची आणि तोच नंबर. पण नवा बूट जुन्या बाइंडिंगमध्ये काही केल्या बसेना.

मला खरं तर या कटकटीचंच नवल वाटलं. आमच्या लहानपणी बूट पायाच्या मापानं आणायची पद्धतच नव्हती. शाळा उघडायच्या आधी बाबा बाजारातून दोन नंबर मोठा बूट आणायचे, "वाढता पाय हाय". पुढे उरलेल्या जागेत आई घरचाच कापूस कोंबायची. पावसात तो कापूस भिजून फुगायचा आणि चालताना बुटातून पचपच आवाज यायचा. पाय बुटाच्या मापाचा होईस्तोवर बूट फाटलेला असायचा. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे पाय असेच कापसात वाढले. पायानं बुटाशी जमवून घ्यायचं असतं, बुटानं पायाशी नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

तर बूट बसवायला जागा हवी. फरशीवर फळीचा तळ खरवडला जाईल म्हणून भाच्याची नजर आतल्या खोलीकडे गेली. तिथं चांगला भाव यायची वाट पाहत कापूस पडलेला होता, भिंतीला टेकून छातीइतका उंच. "मामा, याच्यावर ठेवूया का? अगदी बर्फासारखं वाटेल." ओसरीवरच्या बाजेवरून बाबांचा आवाज आला, "बूट घालून कापसावर? लक्ष्मी होय ते, बाप्पा!" त्यात त्या बुटांत ओल असली तर आणखी पंचाईत. सरकारी खरेदीला ओलावा आठ टक्के असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत भावात कपात, आणि बाराच्या वर माल परत. शेवटी गोधडीची चौघडी अंथरली.

बाइंडिंगच्या मधोमध एक गोल चकती असते, आणि ती चार पेचांनी फळीवर आवळलेली असते. घरचा फुलीचा पेचकस लावला तर तो निसटून पेचाचंच डोकं खायला लागला. या पेचांना मोठा लागतो, तीन नंबरचा. मी फाट्यावरच्या ट्रॅक्टर गॅरेजात जाऊन मागून आणला. कशाला हवा ते सांगितलं नाही, सांगितलं असतं तर अख्खं गॅरेजच माझ्यामागं घरी आलं असतं.

पेच सैल केले की चकतीभोवती बाइंडिंग फिरतं. चकतीच्या कडेला अंशांच्या खुणा असतात. भाचा पुढचा पाय पंधरा अंश पुढं वळवतो, मागचा नऊ अंश उलट्या बाजूला, म्हणजे उभा राहिला की फेंगडा दिसतो. उजवा पाय पुढं ठेवणारे कमी. हा त्यांच्यातलाच. बाबांना ते लगेच पटलं. बैलाचीही बाजू ठरलेली असते, डावीकडे शिकलेला उजवीकडे जुंपला की तास, म्हणजे नांगराची ओळ, सोडतो.

एव्हाना बाबा बाजेवरून उठून जवळ येऊन बसले होते.

"मले एक सांग, बर्फावर जाऊन करतं काय?"

"वरून खाली येतो, आबाजी."

"अन् मंग?"

"मग रोपवेनं परत वर."

"म्हंजे कामाचं कायीच नाही."

पण हात त्यांचे फळीवरून फिरत होते.

खरी अडचण लांबीची होती. बुटाची टाच मागं टेकवली की पुढं चवडा फळीच्या बाहेर बराच डोकावायचा. टाच आणि चवडा दोन्हीकडून सारखेच बाहेर हवेत. एकीकडं जास्त झालं की वळण घेताना, फळी कडेवर कलते तेव्हा बूट बर्फात घासतो आणि माणूस आडवा. त्यासाठी चकतीतल्या लांबट खाचा फळीला आडव्या येतील अशी चकती वळवून बसवायची, मग बाइंडिंग पुढं-मागं सरकतं. आम्ही पट्टीनं मोजत बसलो. बाबांनी पट्टी बाजूला केली, आडवं बोट लावलं आणि म्हणाले, "एवढं मांगं घे." घेतलं. मोजलं. बरोबर.

मला एकदम जू आठवलं. जू दांडीला बांधायचा दोर म्हणजे नाडा. तो जूच्या मधोमध बांधतात, पण जोडीत एक बैल दमदार आणि दुसरा कच्चा असला तर बाबा तो नाडा बोटभर दमदार बैलाकडं सरकवायचे. कच्च्याच्या वाट्याला जूचा लांब भाग येतो आणि ओझं कमी. नवा बैल उंच निघाला तर जोतं, म्हणजे गळ्याखालचा पट्टा, पुन्हा बांधायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकायचे, तेव्हा कातडी कुठं दबलीय ते बोटांनी चाचपायचे. चार वर्षांपूर्वी जोडी विकली. आता वाही-पेरणी सगळं ट्रॅक्टरनं. बैलाच्या खांद्यासाठी एवढं करणाऱ्या माणसानं पोराच्या बुटात मात्र कापूस कोंबू दिला, हे मी तेव्हा मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची हिंमत अजून नाही.

मग पट्टे. घोट्यावरचा पट्टा एक भोक पुढं घेऊन लांब केला, बोटांवरचा चवड्याच्या टोकाला टोपीसारखा बसवला. दातेरी पट्टी खटक्यात घातली की कर्रकर्र करत आवळते. बाबांनी लगेच पट्ट्याखाली बोटं घालायला बघितली.

"दोन बोटं गेली पायजे. नायतं गया आवयते."

"नाही आबाजी, यात जागा ठेवायची नाही. टाच उचलली की फळी ऐकत नाही."

"बैल म्हणते का कधी, आवयलं म्हणून?"

या वादाचा निकाल लागला नाही. भाच्यानं आवळलं, बाबांनी मान हलवली, आणि तो पाणी प्यायला आत गेला तेव्हा म्हाताऱ्यानं एक दाता सैल केला. मी पाहिलं. बोललो नाही.

रात्री जेवताना भाच्यानं सांगितलं की या फळीला आधी बाइंडिंग नव्हतंच. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या माणसानं मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्या फळीच्या टोकाला दोरी आली, ती हातात धरून उभं राहायचं. पाय मोकळे. पाय बांधायचं पुढं सुरू झालं, आणि १९९८ साली नागानोला हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्येही गेला. बाबांना ऑलिंपिकचं काही नव्हतं.

"दोरी म्हंजे कासरा," ते म्हणाले. "कासरा होता तं मंग पाय कायले बांधले?"

सकाळी निघताना भाच्यानं पेच एकदा आवळून घेतले, समोरासमोरचे, आळीपाळीनं. पहिल्या दिवशी एकदोनदा घसरून झालं की पुन्हा आवळावे लागतात, सैल होतात, असं त्यानंच सांगितलं. मी पुन्हा एकदा त्याच्या पाया पडलो आणि एसटी गेली.

चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मागं सगळं पांढरं. तेरा हजार फुटांवर आहे म्हणत होता, वारा इतका की निम्मं ऐकू येईना. आईनं टोपी घालायला सांगितली. बाबांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला, बर्फाकडं बघितलंही नाही.

"पेच पायले का परत?"

पलीकडं नुसता वारा. मग भाच्याचं तोंड पडद्यावरून गेलं आणि त्याची जॅकेटची बाही दिसली.

"थांबा आबाजी. पेचकस काढतो."