बॉयलरच्या आकाराची किटली घडवताना

आडवा बॉयलर, रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या गोल डोक्याच्या खिळ्यांच्या) रांगा, फ्लँजची (पाइपच्या रुंद गोल कड्याची) तोटी. स्टोनवेअरमध्ये (जास्त तापमानाला भाजायच्या मातीत) हा आकार मी चाकावर नाही, स्लॅबने, म्हणजे मातीच्या लाटलेल्या पट्टीने घडवते. ११ सेमी बाह्यव्यासाच्या पाइपला वर्तमानपत्र गुंडाळून त्यावर ६ मिमी जाडीचा स्लॅब वळवते. स्लॅबची लांबी जाडीच्या मध्यावरच्या परिघाने काढायची. इथे ती साडेछत्तीस सेमी येते. कडा ४५ अंशांत कापून, खरवडून, स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावून जोडायच्या. माती आकार धरू लागली की पाइप लगेच काढावा, कारण वाळताना ती त्याच्यावर आकसते आणि सांध्यावर फाटते. टोकांच्या चकत्या सपाट ठेवल्या तर वेड्यावाकड्या होतात. मी त्या वाडग्यावर दाबून फुगीर करते. आतली लांबी १५ सेमी धरली तर ओल्या किटलीत १.४ लिटर मावतं. वाळून-भाजून प्रत्येक माप १२ टक्के आकसल्यावर लिटरभरही उरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ तोटीला द्यावा लागतो. पाइपसारखी दिसावी म्हणून टोकावरच फ्लँज बसवायचा मोह होतो, पण जाड, गोल ओठाला चहा चिकटतो आणि खाली ओघळतो. म्हणून फ्लँज २ सेमी मागे घेते आणि ओठ पातळ, धारदार ठेवते. एल्बोचा (पाइपच्या वळणाचा) काटकोन फक्त बाहेरून दाखवायचा; आतलं वळण गुळगुळीत नसेल तर धार फुटते. तोटीचं टोक झाकणाच्या तोंडाच्या पातळीला तरी हवंच, नाहीतर किटली भरण्याआधीच चहा तोटीतून सांडतो. १२ मिमीच्या तोटीला, तिच्यामागच्या भिंतीत, हिशेबाने ५ मिमीची ६ भोकं पुरतात, पण ग्लेझने (काचेसारख्या लेपाने) ती अरुंद होतात. मी १२ पाडते आणि ग्लेझ ओतून काढल्याबरोबर तोटीतून जोरात फुंकते.

रिव्हेट लेदर-हार्ड अवस्थेतच, म्हणजे माती घट्ट पण अजून ओलसर असतानाच लावायचे. वाळलेल्या भिंतीवर ओले गोळे टिकत नाहीत. मग आठवडाभर प्लास्टिकखाली.

बिस्किट, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, १००० अंशांना, ग्लेझची १२३० ला. आडवं पिंप या तापमानाला खचून लंबगोल होतं, त्यामुळे खाली त्याच मातीचे दोन खोगिरासारखे आधार ठेवते. तेही सोबतच आकसतात. बाहेरून आयर्न ऑक्साइड चोळून पुसलं की शिवणी आणि रिव्हेट उठून दिसतात. मँगनीजचं धातूसारखं काळं ग्लेझ देखणं असतं, पण ते आत कधीच नको. आत साधं, पारदर्शक, चकचकीत ग्लेझ. झाकणाची मूठ सेफ्टी व्हॉल्वसारखी करते. तिच्यातलं ४ मिमीचं भोक खरोखर हवेसाठी असतं; ते बुजलं तर चहा अडखळत पडतो. झाकण किटलीवर ठेवूनच भाजायचं, टेकणाऱ्या कडा चिकटू नयेत म्हणून त्यांना ॲल्युमिना मिसळलेलं मेण लावून.