सातवा रकाना: मल्टिग्रिडचा कोड खुला करताना

संशोधनासाठी लिहिलेला कोड बाहेर खुला करायचा तर आमच्या संस्थेत बारा रकान्यांचा फॉर्म भरावा लागतो. अकरा रकाने एका दुपारी भरून झाले. सातव्याने चौदा आठवडे खाल्ले. तो शब्दशः असा: 'सदर संगणक प्रणाली पूर्णतः मूळ आहे काय?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही.

आकडेमोडीचा कुठलाही दहा वर्षं जुना कोड घ्या, त्याचं खरं उत्तर 'बरीचशी' असं असतं. त्याला चौकोन नाही. 'नाही'वर खूण केली तर फाईल तीन आठवड्यांनी 'तपशील जोडावा' असा शेरा घेऊन परत आली. एक पानभर तपशील जोडला, तर पाच आठवड्यांनी 'पूर्तता अपुरी'. काय अपुरं आहे ते लिहायला शेऱ्यात जागा उरली नसावी. फोन केला की "फाईल साहेबांच्या टेबलावर आहे." म्हणून पहिली सूचना, जी मला सगळ्यांत शेवटी सुचली: फाईल देताना आवक क्रमांक लिहून घ्या आणि चौकशी त्या क्रमांकाने करा, विषयाने नको. 'मल्टिग्रिड' (समीकरणं लहान-मोठ्या अनेक जाळ्यांवर सोडवायची पद्धत) पाहून आमची फाईल एकदा विजेच्या ग्रिडच्या गठ्ठ्यात जाऊन बसली होती.

कोड फार मोठा नव्हता. चौरसावरचं पॉइसॉन समीकरण (उष्णतेच्या समतोलासारख्या प्रश्नांत येणारं), ५१२ बाय ५१२ घरांची जाळी, ती निम्मी निम्मी करत ४ बाय ४ पर्यंत, म्हणजे ८ पातळ्या. गॉस-सायडेलसारखी साधी पद्धत (एकेका बिंदूची किंमत शेजाऱ्यांवरून पुन्हा पुन्हा सुधारणारी) त्रुटीचा खडबडीत भाग दोन-चार फेऱ्यांत घालवते, गुळगुळीत भाग मात्र तसाच लोळत पडतो. मल्टिग्रिडमध्ये तो उरलेला भाग जाड जाळीवर न्यायचा; तिथे तोच खडबडीत दिसायला लागतो आणि पुन्हा त्याच साध्या पद्धतीला बळी पडतो. असं शेवटपर्यंत. एकंदर चार हजार ओळी, त्यांतल्या सुमारे सहाशे आमच्या नव्हत्या. सातवा रकाना म्हणजे या सहाशे ओळी.

त्या शोधायला 'गिट ब्लेम'चा (कुठली ओळ कुणी घातली ते दाखवणारी आज्ञा) उपयोग शून्य, कारण पहिल्या कमिटमध्ये (नोंदीत) कुणीतरी सगळं एकाच नावाने ओतलेलं असतं. 'कॉपीराइट', 'ऑथर', 'अल्गोरिदम' हे शब्द ग्रेप करा (सगळ्या फायलींत शोधा), फोरट्रानच्या फायलींत वरच्या तीस ओळी डोळ्यांनी वाचा, आणि लिहिण्याची ढब बघा. सी भाषेत लिहिलेल्या फंक्शनमध्ये अ‍ॅरे ० ऐवजी १ पासून सुरू होत असेल तर थबका. आमच्या जाळी बदलणाऱ्या दोन फंक्शनांत तसंच होतं, आणि ती निघाली 'न्यूमरिकल रेसिपीज'मधली. त्या पुस्तकातले कोड वापरायची मुभा लायसन्सप्रमाणे मिळते, पण मूळ रूपात पुढे वाटता येत नाहीत. व्हेरिएबलची नावं बदलून ते आपले होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

दुसरी फाईल एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेच्या अल्गोरिदम संग्रहातली होती, नेटलिब या आकडेमोडीच्या कोडच्या ऑनलाइन भांडारातून उतरवलेली. नेटलिब १९८५ पासून आहे म्हणून तिथलं सगळं मोकळं, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तिथे प्रत्येक पॅकेजचं वेगळं असतं. एसीएमच्या संग्रहातले प्रोग्राम बिगरव्यापारी वापरापुरते मोकळे असतात. तुम्ही त्यावर एमआयटी या कमी अटींच्या लायसन्सचा शिक्का मारू शकत नाही. ही फाईल आम्ही काढूनच टाकली, नियमित जाळीवर तिची गरजही नव्हती.

सगळ्यांत जाड जाळी सोडवायला यूएमएफपॅक (समीकरणसंच थेट सोडवणारी लायब्ररी) जोडलेलं होतं. ते जीपीएलखाली आहे. वाटायला हरकत काहीच नाही, पण मग अख्खा प्रोग्राम जीपीएलखाली द्यावा लागतो, आणि कार्यालयाला सैल लायसन्स हवं होतं. ४ बाय ४ च्या जाळीवर आतले बिंदू किती, तर ३ गुणिले ३, नऊ. नऊ अज्ञातांसाठी कुणी कधीतरी यूएमएफपॅक का जोडलं ते विचारू नका. लॅपॅक लायब्ररीतलं चोलेस्की (साधी थेट पद्धत) घातलं, काम झालं.

नुसत्या बाहेरून जोडलेल्या लायब्ररींचीही यादी द्यावी लागते. पेट्सी बीएसडीखाली आहे. हायपर पूर्वी एलजीपीएलखाली होतं, आता अपाची किंवा एमआयटी यांपैकी हवं ते घ्या. मेटिस अपाचीखाली आहे, पण पॅरमेटिस नाही. ही दोन नावं एका दमात लिहिण्याची चूक आम्ही केली आणि दुसऱ्यांदा फाईल परत येण्यामागे, मला वाटतं, तेच कारण होतं.

चौथी फाईल सगळ्यांत चिवट: वर फक्त तीन आद्याक्षरं आणि खाली छान चालणारा स्मूदर (त्रुटी गुळगुळीत करणारी ती साधी पद्धत). लायसन्स लिहिलेलं नसणं म्हणजे मोकळीक नव्हे. काहीच लिहिलं नसेल तर सगळे हक्क राखीव. लिहिणाऱ्याला शोधून ईमेल पाठवली. "वापरू का?" एवढं विचारू नका. विचारायच्या गोष्टी तीन: ही फाईल तुम्ही एकट्याने लिहिली का, नोकरीत असताना लिहिली की विद्यार्थी असताना, आणि ती अमुक लायसन्सखाली प्रसिद्ध करायला तुमची संमती आहे का. मधला प्रश्न महत्त्वाचा, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. मग त्या माणसाच्या होकाराला अर्थ नाही. आमच्या नशिबाने ती विद्यार्थीदशेतली होती. उत्तर दोन दिवसांत आलं. कार्यालयाला जे चौदा आठवड्यांत जमलं नाही ते.

खरा घोळ पुढचा. पुस्तकातली ती दोन फंक्शनं नव्याने लिहायची होती, आणि हे काम 'दोन तासांचं' आहे असं मीच लिहून दिलं होतं.

रिस्ट्रिक्शनची (बारीक जाळीवरून जाड जाळीवर नेण्याची) वजनं सगळ्यांना पाठ असतात: १-२-१, २-४-२, १-२-१, सगळ्याला १६ ने भाग. चूक वजनांत होत नाही, चूक एच वर्गात होते (एच म्हणजे जाळीतल्या शेजारच्या बिंदूंमधलं अंतर). जुना कोड समीकरण एच वर्गाने भागलेल्या रूपात ठेवत होता. नव्याने लिहिताना सोय म्हणून ते एच वर्गाने गुणून घेतलं: मधल्या बिंदूला ४, चार शेजाऱ्यांना उणे १, उजव्या बाजूला एच वर्ग गुणिले एफ (एफ म्हणजे समीकरणाची मूळ उजवी बाजू). दिसायला सुटसुटीत. पण जाड जाळीवर अंतर दुप्पट, म्हणजे त्याचा वर्ग चौपट. तेव्हा गुणलेल्या रूपातला रेसिड्युअल (समीकरणाच्या दोन बाजूंत उरलेली तफावत) खाली नेताना वर आणखी ४ ने गुणायला हवा. तो ४ विसरला की खालून येणारी दुरुस्ती हवी त्याच्या पावपट येते.

आठ पातळ्यांवर चालवलं तर हा दोष ओळखूच येत नाही. पाव, त्या पावाचा पाव, असं होत खालच्या पातळ्या जवळजवळ निकामी होतात आणि रेसिड्युअल रांगायला लागतो. मग सीमाअटींवर संशय, स्मूदरवर संशय, कम्पायलरच्या ऑप्टिमायझेशनवरही. असं भटकू नका. पातळ्या दोनच ठेवा, ६४ आणि ३२, आणि खालचं समीकरण थेट पद्धतीने नेमकं सोडवा. ९६१ अज्ञात आहेत, क्षणात होतं. दुरुस्ती पावच आली तर तीन चतुर्थांश त्रुटी उरते, म्हणून दर फेरीचं गुणोत्तर ०.७५ वर येऊन बसतं. तीन पातळ्यांवर ०.९४ च्या जवळ. हे आकडे दिसले की दुसरीकडे बघायचंच नाही. उलट बाजूची चूक, म्हणजे ४ ने दोनदा गुणलं, तर त्रुटी दर फेरीला चिन्ह बदलत तिप्पट होते. ती बरी, निदान लगेच दिसते.

इंटरपोलेशनच्या (जाड जाळीवरून बारीक जाळीवर आणण्याच्या) मॅट्रिक्सचा ट्रान्सपोजच रिस्ट्रिक्शन म्हणून वापरला तर हा ४ आपोआप येतो, कारण दोन मितींत बायलिनिअर इंटरपोलेशनच्या ट्रान्सपोजमधल्या वजनांची बेरीज ४ असते, १ नव्हे. शेवटी आम्ही तेच केलं.

मोजायची रीतही सांगून ठेवतो. उजवी बाजू शून्य घ्या आणि सुरुवात यादृच्छिक आकड्यांनी करा. उत्तर शून्य असल्यामुळे हातातला आकडा हीच त्रुटी, आणि राउंड-ऑफच्या तळाला न लागता ती हव्या तितक्या फेऱ्या घटत जाते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचं गुणोत्तर धरू नका, ते नेहमी गोड असतं. दहाव्या-पंधराव्या फेरीचं बघा. लाल-काळं गॉस-सायडेल (बुद्धिबळाच्या पटासारखे बिंदू दोन रंगांत वाटून आधी एक रंग, मग दुसरा), खाली जाण्याआधी एक आणि वर आल्यावर एक फेरी, वर सांगितलेल्या वजनांची रिस्ट्रिक्शन: दोन पातळ्यांचा सैद्धांतिक दर ०.०७४, पूर्ण व्ही-सायकलला (सगळ्या पातळ्या उतरून परत वर येण्याच्या चक्राला) ०.१ च्या आसपास. आणि ६४, १२८, २५६, ५१२, चारही जाळ्यांवर फेऱ्या जवळपास तितक्याच लागल्या पाहिजेत. जाळीबरोबर फेऱ्या वाढत असतील तर ते मल्टिग्रिड नव्हे, महागडं गॉस-सायडेल.

लाल-काळ्यावरून आठवलं: वजनं टाळून रेसिड्युअल नुसता उचलून खाली ठेवायचा मोह होतो. शेवटी ज्या रंगाचे बिंदू सोडवले तिथे रेसिड्युअल शून्यच असतो. जाड जाळीचे बिंदू नेमके त्याच रंगाचे असतील तर खाली निव्वळ शून्यं जातात आणि कुठलीही एरर न देता प्रोग्राम चालत राहतो.

फाईल अखेर सुटली ती 'जोडपत्र अ' या कोष्टकामुळे. पाच स्तंभ: फाईल, ओळी, मूळ स्रोत, लायसन्स, काय केलं. नमुना म्हणून एक ओळ: 'रिस्ट्रिक्ट डॉट सी, १–८८, पाठ्यपुस्तक, पुनर्वाटपास मनाई, काढून नव्याने लिहिली'. खाली मार्गदर्शकांची सही आणि तारीख, मागे ईमेलची प्रत. मजकूर आधीच्या पानभर तपशिलाचाच, फक्त कोष्टकात. दोन आठवड्यांत जावक क्रमांक पडला. आधीच कोष्टक द्या.

दहाव्या रकान्यात 'पेटंट घेता येईल काय' असं असतं. तिथे घुटमळू नका. पेटंट कायद्याच्या कलम ३(के)मध्ये गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम वगळलेले आहेत. कलम लिहून मोकळे व्हा.

परवानगीनंतरचं सगळं एका संध्याकाळी होतं. झेनोडोवर (संशोधनाचा कोड आणि विदा जपणारं संकेतस्थळ) गिटहबची रेपो, म्हणजे कोडचं भांडार, आधी चालू करा, रिलीज नंतर काढा. उलट केलं तर त्या रिलीजला डीओआय (संदर्भासाठीचा कायमचा ओळख क्रमांक) मिळत नाही. प्रसिद्ध झालेल्या फायली नंतर सहसा बदलता येत नाहीत, नवी आवृत्ती काढावी लागते. मात्र त्याआधी एक महत्त्वाचं: काढून टाकलेल्या फायली गिटच्या इतिहासात जिवंत असतात. 'गिट फिल्टर-रेपो' चालवा, नाहीतर सरळ नवी रेपो सुरू करा. आम्ही नवी केली.

सोबत चाचणीची मॅट्रिक्स देत असाल तर मॅट्रिक्स मार्केटच्या (मॅट्रिक्स साठवायच्या मजकुरी स्वरूपाच्या) फाईलमध्ये १७ सार्थ अंक छापा. सी++ न सांगता ६ च छापतं, आणि सगळीकडे नॉयमन सीमाअट (कडेवर किमतीऐवजी उतार दिलेला) असेल तर ओळींची शून्य बेरीज तिथेच बिघडते. 'सिमेट्रिक' लिहिलं असेल तर खालचा त्रिकोणच लिहायचा असतो आणि निर्देशांक १ पासून.

जोडपत्र अ मी रेपोमध्येच ठेवलंय, पुढे भर घालणाऱ्याने त्यात आपल्या ओळी वाढवाव्यात. मंजूर फॉर्मच्या प्रतीवर सातव्या रकान्यात 'होय' खोडलेलं आहे, 'नाही'वर अर्धवट खूण आहे, आणि दोन्ही चौकोनांच्या मधोमध हिरव्या शाईत लिहिलंय: 'जोडपत्र अ पहावे'.