नदीकडे तोंड की नदीकडे पाठ

पणजीत राहणाऱ्या माणसाला वर्षभर एक बिनपगारी नोकरी असते. पुण्याची मावसबहीण, कोल्हापूरची कॉलेजातली मैत्रीण, बेळगावचा नुकतंच लग्न झालेला भाचा, कुणी ना कुणी येणार असतं आणि फोनवर विचारणा एकच. दोघांना निवांत बसता येईल, नदी दिसेल, मासे चांगले असतील आणि खिशाला फार चाट बसणार नाही अशी जागा सांग. चार अटी झाल्या. यातल्या दोन मी झोपेतही पुऱ्या करीन. तीन म्हटलं की जरा थांबून सांगते. चारही हव्या असतील तर सरळ आमच्याकडे जेवायला या म्हणते. शेजाऱ्यांचा फणस आड आला नाही तर मागच्या गॅलरीतून मांडवीची बोटभर चीर दिसते.

हट्ट सगळ्यांचा नदीचाच. आणि माझं मत नेमकं उलट आहे. नदी आणि जेवण एकाच टेबलावर मागू नये. नदी वेगळी बघावी, जेवण वेगळं करावं. एका बैठकीत दोन्ही उरकायला गेलं की जेवण नदीच्या भावाने मिळतं आणि नदी धड दिसतही नाही.

कारण रात्री मांडवी दिसतच नाही. दिवस बुडाला की पाणी काळं होतं आणि दिसतात ती त्यावर नांगरून ठेवलेली कॅसिनोची जहाजं. जांभळी, हिरवी, मध्येच लालभडक. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ साली सुरू झाला, तेव्हापासून त्याचेही दिवे आहेत. एवढ्यात सांता मोनिका जेटीवरून फेरफटक्याच्या बोटी सुटतात. त्यांवर देखणी हा गोव्याचा नाच होतो, फुगडी होते, आणि मग माइकवरून हुकूम सुटतो, ‘आता फक्त कपल्स!’ पाण्यावरून आवाज किती स्वच्छ येतो याचा अंदाज काठावर प्रेमाच्या गोष्टी बोलायला बसल्यावरच येतो. आपण काहीतरी हळवं बोलायला तोंड उघडावं आणि तिकडून ढोल वाजावा.

दुसरी अडचण बसण्याची. दोघांचं टेबल कठड्याला लावलेलं असतं, खुर्च्या समोरासमोर. बऱ्याच ठिकाणी कठड्याला काटकोनात न लावता ते असं लावतात की एकाला नदी आणि एकाला नदीकडे पाठ. वेटर अदबीने बाईंना नदीची खुर्ची ओढून देतो. म्हणजे मी नदी बघते आणि नवरा बघतो माझ्या डोक्यावरून भिंतीवरचा टीव्ही. त्यावर क्रिकेट असतं. तो ‘हं, हं’ करत असतो, आणि त्यातला कुठला ‘हं’ मला आणि कुठला चौकाराला हे ओळखण्याइतकी माझी संसारात प्रगती झालेली आहे.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना कुणी सांगत नाही, ती म्हणजे ओहोटी. मांडवीला समुद्राचं पाणी लागतं. मीरामारला ती समुद्राला मिळते, तिथून भरती थेट आत वर चढते. पाणी भरलेलं असलं की काठ देखणा. ओसरलं की जागोजागी चिखल उघडा पडतो. ओरेंच्या खाडीच्या बाजूला तर त्याचा वास असा येतो की सोलकढीचा घोट घेताना नाक आपोआप दुसरीकडे वळतं. म्हणून नदीकाठची जागा ठरवायची तर आधी मेनू नाही, कालनिर्णय बघावं. कोकण-गोव्यातल्या जुन्या माणसांचा हिशेब साधा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण जेवायच्या वेळेसाठी एवढं पुरतं.

आता हा हिशेब जरा पुढे न्या. एकादशीला भरती सव्वाआठची. म्हणजे जेवायला बसावं तर पाणी काठोकाठ, पण त्या दिवशी पानात साबुदाण्याची खिचडी. संकष्टी त्याहून वाईट. भरती दुपारी तीनला होऊन गेलेली, म्हणजे रात्री नऊला पूर्ण ओहोटी, आणि चंद्रोदयही साधारण त्याच सुमाराला. चंद्र बघून उपास सोडायला बसावं तर समोर चिखलच चिखल. जमून येते ती शुक्ल द्वादशी. पाणी नऊला भरतं, चंद्र चांगला वर आलेला असतो, आणि उपास आदल्या दिवशी संपलेला असतो. हॉटेलवाल्यांच्या जाहिरातीत ‘कँडल लाइट डिनर’ असतं, ‘शुक्ल द्वादशी’ कुणी छापत नाही.

एवढं होऊनही जेवण राहिलंच. गोव्यात दोघांनी बाहेर जेवायचं म्हणजे बहुधा मासे, आणि मासे हा प्रणयाला अनुकूल आहार आहे का, याचा कुणी गंभीरपणे विचार केलेला दिसत नाही. मी केला आहे. इसवणाची, म्हणजे सुरमईची, तुकडी सर्वांत सोयीची. मधोमध एकच मोठा काटा, तो बाजूला केला की पुढे बोलायला मोकळं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून खाता येतं. चणक त्याच गोत्रातला. बांगडा मागवला की निम्मं लक्ष काट्यांकडे जातं, वाक्यं तुटक होतात. तारल्या मागवल्या तर संभाषण संपलं असं समजावं. तिसऱ्या घेतल्या तर हातात हात घेण्याचा प्रश्नच मिटतो, कारण चारही हात शिंपल्यांत. आणि कुर्ल्या? नवीन ओळख असेल तर कुर्ल्या मागवू नयेत. नांगी फोडून चोखताना माणूस जसा दिसतो तसा दिसायला लग्नाला काही वर्षं झालेली बरी.

मेनूत माशापुढे बऱ्याचदा भाव नसतोच, ‘साइजप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असतं. मग वेटर स्टीलच्या ताटात बर्फावर दोन-तीन मासे घेऊन येतो. मेणबत्ती पेटलेली, कोपऱ्यात कुणी गिटारवर जुनं काही वाजवतोय, आणि समोर चणक, तोंड उघडं. नवरा म्हणतो, ‘हा चालेल.’ मी माशाचा कल्ला बोटाने वर करते. आत लाल आहे का तपकिरी? डोळा फुगीर आहे की खोल गेलाय? पोटावर बोट दाबलं तर खळगा राहतो का? पहिला नापास होतो. दुसऱ्याचा कल्ला लाल निघतो, मी मान हलवते, वेटर माझ्याकडे जरा आदराने बघतो. नवरा कागदी रुमाल पुढे करतो. आमच्या संध्याकाळीतला हा सर्वांत जवळिकीचा क्षण असतो म्हटलं तर बाहेरच्यांना पटायचं नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते, त्या दिवसांत ही परीक्षा घ्यायची गरज नसते. बर्फातलं खा, नाहीतर खाडीतलं, नाहीतर चिकन शागुती मागवा आणि पाऊस बघा. पावसाळ्यात पणजी तशीही छान असते, फक्त छत्री एकच घ्यावी.

मग जेवायचं कुठे? गल्लीत. मी फोंतेन्हासला, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत, पाठवते. दिवसा तिथे फोटोवाल्यांची जत्रा असते, पिवळ्या-निळ्या भिंतींना टेकून जो तो उभा. संध्याकाळी सातनंतर गर्दी उतरते आणि गल्ली पुन्हा तिथल्या माणसांची होते. कुणाच्या खिडकीतून कुकरची शिट्टी, कुणी बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेलं, एक कुत्रं रस्त्याच्या बरोबर मधोमध. मुख्य रस्त्याचं नाव ३१ जानेवारी. नवी जोडपी त्यावरून एकमेकांना कोपरखळ्या मारतात, कुणाचा तरी लग्नाचा वाढदिवस असेल म्हणून. वास्तविक ते १८९१ साली पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावावरून आलेलं आहे. तो उठाव फसला होता, हे वाढदिवसाला आलेल्यांना मी सांगत नाही.

याच भागात व्हेनिते हॉटेलच्या वरच्या मजल्यावर एवढ्याशा बाल्कन्या आहेत, दोन माणसं बसली की भरल्या. बोळात आत शिरलं की व्हिवा पंजीम, घरगुती, टेबलं थोडी. अशा ठिकाणी नदी दिसत नाही, पण समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, आणि दोघं मिळून ज्याची टर उडवावी असं काहीतरी खाली गल्लीत सतत घडत असतं. स्कूटर मागे घेणारा, नकाशा उलटा धरलेला, भांडत चाललेलं दुसरं जोडपं. प्रेमात माणसं एकमेकांकडे बघतात म्हणतात, पण तास-दीड तास नुसतं एकमेकांकडे बघणं अवघड जातं. बघायला तिसरं काहीतरी लागतं, आणि ते पांढऱ्या टेबलक्लॉथवर नसतं.

जागा निवडताना आणखी एक बघते, वेटरचं वय. तरुण वेटर दर पाच मिनिटांनी ‘एव्हरीथिंग ओके, मॅडम?’ विचारतो. घास तोंडात असतानाच विचारतो. साठीकडे झुकलेला, पांढरा शर्ट घातलेला, थोडासा तुसडा वेटर असेल तिथे डोळे मिटून जावं. तो दोनदाच येतो. एकदा ऑर्डर घ्यायला, आणि नंतर आपण नेमकं पाणी संपवलेलं असतं तेव्हा. ऑर्डर देताना एखादी गोष्ट नको म्हणून मानेने सुचवतो, ते ऐकावं. एप्रिल-मे असेल तर उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, आहे हेही तोच हळूच सांगतो. लिमका, मिठाची चिमूट आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. शेवटी बेबिंका एकच घ्यावा आणि दोन चमचे मागावेत. थर एकेक सोलून खायचा की सुरीने सरळ खाली कापायचा यावरून आमच्यात मतभेद आहेत. ते मिटायची लक्षणं नाहीत.

साडेसातला बसलं तर नऊच्या आत हात धुऊन होतात. मग चालत नदीवर जायचं, दहा मिनिटांचा रस्ता. वाटेत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारीयाचा पुतळा लागतो. संमोहनविद्येचा हा कांदोळीचा पाद्री, हात पसरून एका कोसळत्या बाईवर झुकलेला. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ सालचा. पणजीच्या नदीकाठी कायमची जागा मिळालेली जोडी एवढीच, आणि त्यांतलीही एक शुद्धीवर नाही.

तिथून पुढे फेरीबोटीच्या धक्क्यावर. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे बेतीला जायचं, उतरायचं, नाहीतर न उतरताच परत यायचं. कठड्याला टेकून दोघं शेजारी उभे राहतात, म्हणजे नदीकडे तोंड कुणाचं आणि पाठ कुणाची हा वाद नाही. इंजिनाची घरघर असते, पण तिला माइक नसतो. माझ्या मोठ्या नणंदेचं लग्न या बोटीवर जमलं असं आमच्या घरात म्हणतात. १९८६च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला आणि नदीपलीकडच्या बार्देशातल्या माणसांची पणजीची ये-जा फेरीबोटीवर आली. ती पर्वरीहून नोकरीला यायची, तोही यायचा. रांगेत उभं राहून राहून ओळख झाली. सासूबाई अजून त्या पुलाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, पण जावयाबद्दल तक्रार करत नाहीत.

यंदा आमचाही बेत ठरला. नवऱ्याने नेहमीप्रमाणे ‘तू ठरव’ म्हणून अंग काढून घेतलं. हे वाक्य उदार वाटतं, पण त्यात पुढे ‘इथे कशाला आलो’ म्हणायचा हक्क राखून ठेवलेला असतो. मी कालनिर्णय उघडलं. शुक्ल द्वादशी, पाणी नऊला, वर चंद्र, सगळं जुळलं. आणि वर बघते तर वार सोमवार. आमच्याकडे सोमवार शिवराक. चणक नाही, इसवण नाही, अंडंसुद्धा नाही.

‘मग मंगळवारी जाऊ,’ नवरा म्हणाला.

‘मंगळवारी भरती पावणेदहाला.’

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. कशाशी काय गुणतोय ते मला कळलं नाही. मग म्हणाला, ‘सोमवारीच जाऊ. भाजी-पाव खाऊ आणि बोटीवर जाऊ.’

हरकत नाही म्हटलं. फक्त पातळ भाजी त्याने घ्यावी, टोनाक माझं, आणि मिरची भजी दोघांत एक प्लेट. भाजी-पावाची चांगली हॉटेलं संध्याकाळी लवकर आवरतात, तेव्हा ऑफिसातून सहाला निघ, असंही सांगून ठेवलंय.