दोन नंबरचं इंजिन

चाकं धावपट्टीवरून सुटली, कॅप्टन ‘गिअर अप’ म्हणाले, मी चाकं आत घेणारा लिव्हर वर केला आणि उजवीकडून तोफ डागल्यासारखा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा. विमानाचं नाक उजवीकडे ओढलं गेलं.

माझे खांदे कानांपाशी गेले, डोळे गच्च मिटले. हे दचकणं शरीर आपल्याला न विचारताच करतं आणि क्षणात ओसरतंही. खरा धोका त्यानंतरचा. समोरचे आकडे दिसत असतात, पण अर्थ लागत नाही. सिम्युलेटरमध्ये आम्ही इंजिन बंद पडण्याचा सराव वारंवार करतो, पण तिथे ते बंद पडणारच हे ठाऊक असतं. त्या रात्री माझं मन पुढच्या कामावर, पंखांचे फ्लॅप्स आत घेण्यावर जाऊन बसलं होतं.

आणि माझा हात इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या थ्रस्ट लिव्हरकडे निघाला होता. डावीकडच्या. चांगल्या इंजिनाच्या.

“हात मांडीवर,” कॅप्टन म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. “चारशे फूट होऊ दे.”

तोवर विमान सरळ धरायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, हा नियम मला पाठ होता. फेब्रुवारी 2015 मध्ये तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर 72 विमानात उड्डाणानंतर उजव्या इंजिनाची ताकद गेली आणि चालू असलेल्या डाव्या इंजिनाचा लिव्हर मागे ओढला गेला. 43 माणसं गेली. हे मी वर्गात शिकलो होतो, तरीही हात निघालाच.

चारशे फुटांवर ते म्हणाले, “काय दिसतंय, वाच.”

“दोन नंबर, उजवं. तापमान लाल पट्ट्यात. फेरे उतरतायत.” मोठ्याने वाचता वाचता मला ते कळत गेलं. त्यांनी उजव्या लिव्हरवर हात ठेवला, पण ओढला नाही. “दोन नंबर, बरोबर?” मी आकड्यावर बोट ठेवून पाहिलं, मग हो म्हटलं. लिव्हर मागे आला तसे धडाके थांबले.

उतरल्यावर, दिवे मालवून झाल्यावर मी विचारलं, “सर, तुम्ही दचकला नाहीत?”

“दचकलो ना. पहिले दोन सेकंद मला आठवतच नाहीत. पाय नाक सरळ धरणाऱ्या रडरवर होता आणि डोळे क्षितिजावर, तेवढंच धरून बसलो होतो.”