पानावरून कणीस कळतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंगळवेढ्याकडून कुणी पाहुणे आले आणि मी प्रयोगशाळेत काम करते असं त्यांना समजलं, की हा प्रश्न ठरलेला: "ताई, ज्वारीचं पान कुटून त्यात बघता तरी काय? कणीस कसं भरणार ते पानावरून कळतं होय?"

कधी कधी कळतं. कळत नाही तेव्हाही यंत्र आकडा देतंच, आणि खरी पंचाईत तिथे आहे.

तसं हे काम सोलापूरला नवीन नाही. तोडीआधी कारखान्याचा माणूस फडात येतो, उसाच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतो आणि ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचं प्रमाण बघतो. उसाचे पैदासकारही, म्हणजे नवे वाण तयार करणारेही, ब्रिक्स बघूनच रोपं निवडतात. पिकाने स्वतःच्या शरीरात बनवलेला पदार्थ मोजायचा आणि त्यावरून वाण पारखायचा, अशा पदार्थालाच चयापचयी मार्कर म्हणतात. आमचं यंत्र साखरेवर थांबत नाही, एवढाच फरक. अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं असे शेकडो पदार्थ ते एका पानातून वेगळे काढतं.

उपयोग किती? जर्मनीतल्या संशोधकांनी २०१२ साली मक्याचे २८५ शुद्ध वंश घेतले, त्यांच्या पानांतले १३० पदार्थ मोजले आणि त्यांच्यापासून होणारा संकर किती जोमदार निघेल याचा अंदाज बांधला. छप्पन्न हजारांवर डीएनए खुणा वापरून केलेल्या अंदाजापेक्षा तो थोडाच मागे पडला. १३० विरुद्ध छप्पन्न हजार! मला अजून याचं नवल वाटतं.

पण पान फार चंचल असतं. सकाळी त्यात पिष्ट कमी असतं, दिवसभर साठतं, रात्री झाड ते खर्चून टाकतं. म्हणून नमुने ठरलेल्या वेळीच घ्यायचे आणि तोडल्या तोडल्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचे. एक ओळ सकाळी आणि दुसरी जेवणानंतर तोडली, तर मोजला जातो तो दिवसाचा प्रहर. वाण बाजूलाच राहतो.

प्रोलीन या अमिनो आम्लाचंही असंच. पाण्याचा ताण पडला की ते पानात वाढतं, म्हणून प्रोलीन जास्त तो वाण काटक, असं अनेकांनी धरलं. माझं मत वेगळं आहे. ज्या ताटाची मुळं खोल गेली, त्याला ताण उशिरा जाणवतो आणि त्याचं प्रोलीन कमीच दिसतं. वाढलेला आकडा नुसता त्रास सांगतो, सोसण्याची ताकद सांगेलच असं नाही. आपली रब्बी ज्वारी काळ्या रानातल्या साठलेल्या ओलीवर दाणा भरते. इथे प्रोलीन बघून मालदांडीची पारख करायला मी तरी धजणार नाही.

धुरिनची गोष्ट मात्र मला आवडते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते याच पदार्थामुळे. पान चावलं गेलं की धुरिन फुटून सायनाइड मोकळं होतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जनुकांत मुद्दाम बदल (उत्परिवर्तन) घडवलेली हजारो रोपं सायनाइडसाठी तपासली, आणि ज्यात ते बनतच नाही असं रोप त्यांना सापडलं. दोष निघाला धुरिन बनवण्याच्या पहिल्याच पायरीच्या जनुकात. इथे मार्कर आणि गुण एकच, मध्ये अंदाज नाही, म्हणून निवड पक्की. मग सगळ्या ज्वारीतून धुरिन काढून का टाकत नाही? कारण दाणा भरेपर्यंत हिरव्या राहणाऱ्या काही वाणांत ते जास्त आढळलंय, आणि सोलापुरात पानं हिरवी राहणं म्हणजे दाणाही आणि चांगला कडबाही. हिरव्या चाऱ्यासाठी वेगळा वाण आणि रब्बीच्या दाण्यासाठी वेगळा, अशी वाटणी मला पटते.

तेव्हा पानाच्या तपासणीने पैदासकाराची चाळण लवकर होते, हजारातली शंभर रोपं उरतात. त्या शंभरांना मोहोळ-मंगळवेढ्याच्या रानात दोन-तीन रब्बी काढाव्या लागतातच. उद्या कुणी 'प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं' बियाणं घेऊन दारात आला, तर कुठल्या जमिनीत, किती हंगाम पेरून पाहिलं, ते आधी विचारा. पावती नंतर.