23 सप्टेंबर, दुसरी माळ

पोरगी आत्ता कुठे झोपली, सव्वाअकरा झालेत. फोन फुल झालाय म्हणून सोसायटीच्या ग्रुपवरचे फोटो उडवत बसलेले, त्यात मागच्या वर्षीचा, 2024 चा, पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो निघाला, तारीख आजचीच.

बदलापूर केसमधल्या आरोपीला तळोजा जेलमधून आणताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांनी गाडीतच गोळी घातली ती संध्याकाळ. बातमी आली आणि तासाभरात आमच्या बिल्डिंगखाली पेढे. मी पण खाल्ला, वर पोरीसाठी एक मागून घेतला, खोटं कशाला बोलू. आमच्याच गावातल्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झालेला, माझी त्याच वयाची, महिनाभर तिला बाथरूमलासुद्धा एकटी सोडत नव्हते मी.

पण आज वेगळंच डोक्यात आलं. त्याआधी महिनाभर, 20 ऑगस्टला, ह्याच बिल्डिंगमधली माणसं स्टेशनात रुळावर उतरलेली, संध्याकाळपर्यंत लोकल बंद, मी पण होते प्लॅटफॉर्मवर, आणि तेव्हा राग नुसता त्या नराधमावर नव्हता, पोलिसांवर पण होता, मुलीच्या आईला तक्रार द्यायला तासन्तास बसवून ठेवलं म्हणून. त्याचा जाब विचारायला गेलेलो आपण. आणि महिन्याभरात त्याच खात्याच्या नावाने पेढे? एका गोळीत सगळं माफ?

पोलिस म्हणाले त्याने पिस्तूल हिसकावून फायर केलं. हायकोर्टाने दोनच दिवसांत विचारलं की गाडीत चार पोलिस असून एक माणूस आवरला नाही का, आणि गोळी पायाला न मारता थेट डोक्यात कशी. मला तेव्हा कोर्टाचा रागच आला होता. मग जानेवारीत मॅजिस्ट्रेटचा रिपोर्ट आला, पाच पोलिसांना जबाबदार धरणारा, पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसेच नाहीत म्हणे. पुढे त्याच्या आईवडिलांनी सांगितलं आम्हाला केस लढवायची नाही, तरी कोर्टाने सोडलं नाही आणि एप्रिलमध्ये एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमायला लावली. ग्रुपवर ह्यातलं एक अक्षर नाही, मी स्क्रोल करून बघितलं.

गंमत म्हणजे एन्काउंटरबद्दलचे सुप्रीम कोर्टाचे सोळा नियम आले तो दिवस पण 23 सप्टेंबरच, 2014 चा. एफआयआर झालाच पाहिजे, तपास सीआयडीने नाहीतर दुसऱ्या पोलिस स्टेशनने करायचा, आणि लगेच बढती-शौर्यपदक द्यायचं नाही. पेढ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही.

आणि असल्या केसमध्ये पोलिसांना शिक्षा व्हायला वेळ किती लागतो बघा. लखनभैया, ज्याला पोलिस गुंड म्हणायचे, 2006 मध्ये मेला, दुपारी वाशीतून उचलला, वकील भावाने लगेच तारा-फॅक्स पाठवले, तरी संध्याकाळी वर्सोव्याला एन्काउंटर दाखवला. सोबत उचललेला साक्षीदार 2011 मध्ये साक्षीच्या तोंडावर गायब झाला आणि पुढे त्याचा मृतदेहच सापडला. त्यातल्या प्रदीप शर्मा ह्या 'एन्काउंटर स्पेशालिस्ट' पोलिस अधिकाऱ्याला हायकोर्टाने जन्मठेप दिली ती 2024 मध्ये. सतराहून जास्त वर्षं! तो भाऊ चिकाटीचा वकील नसता तर?

मला अजूनही त्या माणसाचं वाईट वाटत नाही, उगाच चांगुलपणा कशाला दाखवू. पण आरोपीच मेला की त्याच्यावरची केस बंद, म्हणजे त्या पोरींसोबत काय झालं, कोणी कोणी डोळेझाक केली, हे त्याला समोर उभं करून भर कोर्टात उलगडायचं राहिलं ते राहिलंच. ते गेलं आणि आपण पेढा खात होतो.

फोटो उडवला नाहीये अजून. ग्रुपवर आज गरब्याची वर्गणी न दिलेल्यांची यादी फिरतेय, फ्लॅट नंबरासकट, त्यात आमचा पण आहे.