कुंती नदीच्या काठावर

रविवार, रात्री

आज केरळातलं सायलेंट व्हॅलीचं रान पाहिलं. मुक्कालीहून वनखात्याच्या जीपने सैरंध्रीपर्यंत 23 किलोमीटर. रस्ता हाडं खिळखिळी करणारा, पण खासगी गाड्या आत सोडत नाहीत हे फार चांगलं आहे.

सैरंध्रीहून नदीकडे पायवाट उतरते. दहा पावलांतच उजेड बदलला. वर पानांचं छत इतकं दाट की जमिनीवर फक्त कवडसे. खोडांवर शेवाळ, शेवाळात नेचे, फांद्यांवर आमरी, म्हणजे ऑर्किड. एक प्रचंड झाड आडवं पडलं होतं, कुजून मऊ झालेलं, आणि त्याच्या पाठीवर रोपं उगवली होती. ते पडलं तिथे वरचं छत फाटलंय, तेवढ्याच उजेडात शेजारची पोरसवदा झाडं चढाओढीने उंच निघालीत. लावलेल्या जंगलात हे दिसत नाही. तिथे पडलेलं लाकूड कुणीतरी उचलून नेतं. जुन्या रानात मेलेल्या झाडालाही काम असतं, आणि ते वर्षानुवर्षं चालू राहतं.

खाली कुंती नदी. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. झुलत्या पुलाजवळ बराच वेळ बसून राहिलो.

याच सैरंध्रीला धरण होणार होतं. 1973 साली वीजप्रकल्पाला मंजुरी मिळाली होती. मग शिक्षक, कवी, शास्त्रज्ञ विरोधात उभे राहिले. सुगतकुमारी यांनी कविता लिहिल्या, विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने लोकांना समजावून सांगितलं, पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी आपलं वजन खर्च केलं. 1983 मध्ये प्रकल्प बारगळला आणि 1984 मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. विजेची गरज खरी होती, तेव्हा हे भांडण सोपं नव्हतंच. तरी पुलाजवळ बसल्यावर एकच विचार मनातून जाईना: त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी हे रान कधी पाहिलंही नसेल. न पाहिलेल्या झाडांसाठी माणसं इतकी वर्षं भांडली!

परतताना सिंहपुच्छ वानरांची टोळी दिसली. काळं अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ. क्युलेनियाच्या झाडावर फुलं खात होती. हे झाड फांदीवरच फुलतं आणि फळतं, आणि या वानरांचं वर्षातलं बरंचसं पोट त्याच्यावर चालतं. जमिनीवर ती क्वचित उतरतात, त्यामुळे झाडांची सलगता तुटली की टोळी अडकून पडते. धरणाने नेमकी तीच तोडली असती.

परिषदेचं काम अजून चालू आहे. त्यांना पत्र लिहायला घेतलंय. मल्याळम येत नाही, तेव्हा इंग्रजीतच. पहिल्या ओळीत एवढंच लिहिलं आहे, की वानरं दिसली, पिल्लांसकट.